खडखड आणि करकर: डॅशबोर्डमधल्या आवाजाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

साताऱ्यात माझं छोटं गॅरेज आहे. इंजिन उतरवायची कामं मी घेत नाही. वायरिंग, एसी, आतलं ट्रिम आणि आवाजाच्या तक्रारी, एवढंच करतो. आवाजाची तक्रार बरेच मिस्त्री टाळतात, कारण तास किती लागतील ते आधी सांगता येत नाही आणि शेवटी हातात दाखवायला जुना पार्टही नसतो. मी मात्र ती मुद्दाम घेतो. रोज गाडीत बसणाऱ्या माणसाच्या कानात एकदा असा आवाज बसला की त्याला गाडीत दुसरं काही ऐकू येत नाही. लोक चांगली गाडी केवळ आवाजापायी विकायला काढतात, हे मी पाहिलंय.

ही गाडी २०१९ ची. पाच दरवाजांची हॅचबॅक, तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, ६१ हजार किलोमीटर झालेली. कोरेगावच्या बाजूला राहणारं एक जोडपं ती वापरतं. सर साताऱ्यात हायस्कूलला शिकवतात, मॅडम सरकारी कचेरीत आहेत. सकाळी दोघं बरोबर येतात, संध्याकाळी साडेपाचला बरोबर परततात. गाडी कायम सर चालवतात, मॅडम शेजारी बसतात. ही बसायची पद्धत पुढे महत्त्वाची ठरली.

माझ्याकडे यायच्या आधी गाडी दोन ठिकाणी जाऊन आली होती. पहिल्या गॅरेजात सस्पेन्शनमधले पुढचे दोन्ही लिंक रॉड आणि डाव्या शॉकअपचं वरचं माउंट बदललं होतं. दुसऱ्यानं काच आणि डॅशबोर्ड यांच्या फटीत पट्टीनं फोमचे तुकडे कोंबले होते. त्यानं चार दिवस बरं वाटलं, पाचव्या दिवशी आवाज परत आला. दोन्ही मिळून साडेसात हजारांच्या आसपास खर्च झाला होता. मार्चच्या मध्यावर सर माझ्याकडे आले ते जवळजवळ वैतागूनच. “दादा, आता शेवटचं बघा. नाहीतर मे महिन्यात गाडी बदलतो.”

तक्रार, त्यांच्या शब्दांत

सर म्हणाले, “डाव्या बाजूला डॅशबोर्डात खडखडतंय. खराब रस्ता आला की सुरू होतं.”

मॅडम शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “खडखड नाही हो, करकर करतंय. झोपाळ्याच्या जुन्या कडीसारखं.”

मी जॉब कार्डवर लिहिलं: डॅशबोर्ड, डावी बाजू, खडखड.

या प्रकरणातली पहिली चूक ती, आणि ती पेन हातात असतानाच झाली. चालवणारा माणूस सांगतोय ते खरं धरलं आणि शेजारच्या बाईंचा शब्द म्हणजे त्याच आवाजाचं दुसरं नाव असेल, असं मानून सोडून दिला. खरं तर आवाजाच्या बाबतीत मराठीत इतके नेमके शब्द आहेत की गिऱ्हाइकाच्या तोंडून आलेला पहिला शब्द म्हणजे अर्धं निदान असतं. खुळखुळ म्हणजे काहीतरी लहान आणि सुटं आहे, पोकळीत पडलंय: स्क्रू, नाणं, तुटलेल्या क्लिपेची जीभ. खडखड किंवा टकटक म्हणजे दोन कडक वस्तूंमध्ये फट आहे आणि त्या एकमेकींवर आपटतायत. करकर म्हणजे फट नाहीच. दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटून आहेत, ते अडकतात आणि सुटतात, अडकतात आणि सुटतात. झणझण असेल तर पत्रा किंवा पातळ पट्टी इंजिनाच्या ठराविक फेऱ्यांना कंप पावतेय.

खडखडीचा उपाय फट बुजवणं आणि वस्तू घट्ट बसवणं. करकरीचा उपाय बरोबर उलटा, दोन वस्तूंना एकमेकींपासून जरा मोकळं करणं. दोघांचे शब्द वेगळे होते, म्हणजे आवाज दोन असू शकतात, हे मला तिथेच सुचायला हवं होतं.

पहिली तपासणी

सुरुवात नेहमीसारखी केली. गाडी पूर्ण रिकामी केली. ग्लोव्ह बॉक्समधली कागदपत्रं, गॉगलची डबी, हवा मोजायचं मीटर, दाराच्या खणातल्या पाण्याच्या बाटल्या, गिअरपुढच्या खणातली सुट्टी नाणी, सगळं एका टोपलीत काढलं. डॅशबोर्डवरचा गणपती दोन बाजूंनी चिकटवलेला होता, तो हलवून पाहिला, घट्ट होता. निम्म्या तक्रारी या टोपलीतच मिटतात. ही मिटली नाही.

मग तीन प्रश्न. आवाज इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर बदलतो का? गाडी उभी करून हळूहळू फेऱ्या वाढवल्या. तीन सिलिंडरच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांत तीन स्फोट होतात, म्हणजे १,६०० फेऱ्यांना सेकंदाला ४० धक्के. सैल पट्टी असेल तर अशा एखाद्या टप्प्यावर ती बोलू लागते. इथे काही नाही. आवाज वेगाबरोबर बदलतो का? महामार्गाच्या गुळगुळीत पट्ट्यावर ८० पर्यंत नेली. काही नाही. रस्त्याबरोबर बदलतो का? आमच्या गल्लीच्या तोंडाशी पेव्हर ब्लॉकचा साठेक मीटरचा तुकडा आहे. त्यावर २० च्या वेगानं गाडी घातली आणि डाव्या कोपऱ्यात, काचेच्या खाली, स्पष्ट खडखड सुरू झाली.

हाताखालच्या पोराला चालवायला बसवलं आणि मी डावीकडे बसून हातानं दाबत गेलो. ग्लोव्ह बॉक्सचं झाकण दाबलं, फरक नाही. एसीची जाळी दाबली, फरक नाही. काचेजवळ डॅशबोर्डचा वरचा भाग दाबला तेव्हा आवाज निम्म्यावर आला. मी मनाशी म्हणालो, सापडलं, डॅशबोर्डच आहे.

त्या क्षणी माझा हात नेमका कसा होता ते मला आता लख्ख आठवतं. तळव्याचा मागचा भाग डॅशबोर्डवर होता आणि बोटं पुढच्या काचेला टेकली होती. काचेजवळचा भाग दाबायचा तर जागाच तेवढी असते. म्हणजे मी एकाच वेळी दोन गोष्टी दाबत होतो आणि श्रेय एकीला देत होतो. बोटं उचलून फक्त तळव्यानं दाबून पाहायला दहा सेकंद लागले असते.

समोर असलेले पर्याय

सस्पेन्शन पुन्हा तपासायचं हा एक पर्याय होता. गाडी लिफ्टवर घेऊन पाहिली, नवे लिंक रॉड घट्ट, माउंट नीट, बुश ठीक. आधीच्या मिस्त्रीचं काम स्वच्छ होतं, फक्त रोग तिथे नव्हता. तो पर्याय मिटला.

बाहेरून आणखी फोम भरायचा हा दुसरा. तो मी कधीच करत नाही. फोमनं आवाज दबतो, पण डॅशबोर्ड ज्या दिशेला सरकायला मोकळा ठेवलेला असतो ती दिशा बंद होते. डॅशबोर्ड गाडीच्या रुंदीभर असलेल्या एका पोलादी आडव्या नळीवर बसतो. एक मीटर पोलाद १० अंश तापलं तर साधारण ०.१२ मिलिमीटर वाढतं. डॅशबोर्डचं प्लास्टिक त्याच्या पाच-सहा पट तरी वाढतं. पहाटे २० अंशांना असलेली गाडी दुपारी उन्हात उभी राहिली आणि डॅशबोर्ड ६५ अंशांवर गेला, तर त्याच्या पूर्ण रुंदीत तीन-चार मिलिमीटरची वाढ कुठेतरी मुरायला हवी. त्यासाठी काही स्क्रूंची भोकं मुद्दाम लांबट ठेवलेली असतात, काही क्लिपा एका दिशेला सरकणाऱ्या असतात. तिथे फोम कोंबला की एक आवाज जातो आणि दुसरा जन्माला येतो. शिवाय या गाडीत फोमचे दोन तुकडे काचेवर हवा सोडणाऱ्या झरोक्यात पडले होते. पावसाळ्यात काच धुरकटली असती तर तेवढ्या पट्ट्यातून समोरचं दिसलं नसतं.

तिसरा पर्याय पूर्ण डॅशबोर्ड उतरवायचा. एक पूर्ण दिवस, स्टिअरिंग काढणं, दोन एअरबॅगा सोडणं. एवढं करायला कारण फार पक्कं लागतं.

चौथा, ग्लोव्ह बॉक्स, बाजूचं झाकण आणि मधला स्टिरिओ एवढंच काढून डावा भाग आतून बघायचा.

पाचवा, काहीच न उघडता आणखी एक दिवस गाडी ठेवून घ्यायची, वेगवेगळ्या वेळी चालवायची, आणि आवाज नेमका कुठून येतो त्याची आधी खात्री करायची.

मी चौथा निवडला. शुक्रवारी त्यांना लेकीकडे जायचं होतं, गाडी गुरुवारपर्यंत हवी होती. पाचवा पर्याय बरोबर होता हे मला तेव्हाही कळत होतं, पण गिऱ्हाईक दोन ठिकाणी पैसे घालवून आलंय, त्याला “आज फक्त ऐकलं, उद्या उघडू” असं सांगायला जीभ रेटली नाही.

डॅशबोर्ड उघडला

आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढली आणि काही मिनिटं थांबलो. एअरबॅगच्या यंत्रणेत थोडा विद्युतभार साठून राहतो, तो उतरू द्यावा लागतो. पिवळ्या वेष्टनातली वायर किंवा पिवळा कपलर, म्हणजे वायरींचा जोड, दिसला की ते एअरबॅगचं सर्किट, त्याला विनाकारण हात लावायचा नाही, आणि तो सुटलेला असताना चावी फिरवायची नाही, हे मी पोराला प्रत्येक गाडीला नव्यानं सांगतो.

ग्लोव्ह बॉक्स काढल्यावर आत पाहिलं तर रिव्हर्स कॅमेऱ्याचा कपलर मोकळा लोंबत होता. स्टिरिओ नंतर बसवलेला होता, त्याच्या वायरी गुंडाळून मागे ढकलून दिल्या होत्या. कपलर एसीच्या हवेच्या नळीला टेकत होता आणि टेकत होता तिथे नळीवर बोटाच्या नखाएवढा पांढुरका ठिपका पडला होता. आपटणारी जागा अशीच दिसते. काळ्या प्लास्टिकवर पांढरट, खरखरीत, बोट फिरवलं की पिठासारखं काही लागतं.

मला वाटलं, चोर सापडला. सगळ्या वायरींना कापडी टेप गुंडाळली, त्या मूळ वायरिंगला बांधल्या, कपलरला फेल्टचा तुकडा लावला. आधीचा फोम चिमट्यानं काढला, झरोके मोकळे केले. बाजूचं झाकण काढताना एका क्लिपेची जीभ मोडली. दुकानं बंद झाली होती. झाकण बाकीच्या क्लिपांवर घट्ट बसतंय असं पाहून तसंच लावलं आणि कार्डवर लिहून ठेवलं.

संध्याकाळी सात वाजता पेव्हर ब्लॉकवरून चालवून पाहिली. खडखड बरीच कमी होती. पूर्ण गेली नव्हती. हवा थंड होती, शेजारची सीट रिकामी होती, आणि मी आवाज कमी झाला याच आनंदात होतो. मजुरी १,८०० रुपये घेतली आणि गाडी दिली.

गाडी परत आली

पुढच्या आठवड्यात, शनिवारी दुपारी दोघं आले. सर म्हणाले, “खडखड कमी आहे, पण आहे.” मॅडम गाडीतून उतरल्या नाहीत. काच खाली करून म्हणाल्या, “माझी करकर जशीच्या तशी आहे. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.”

माझी. हा शब्द ऐकला आणि कार्ड काढून पाहिलं. करकर कुठेच नव्हती.

मी त्यांना त्याच सीटवर बसू दिलं आणि मागे बसून विचारत गेलो. कधी येते? “सकाळी येताना कधीच नाही. संध्याकाळी परत जाताना.” रस्ता तोच ना? “तोच. पण गाडी दिवसभर शाळेच्या मैदानात उन्हात असते.” सरळ रस्त्यावर येते? “स्पीडब्रेकर तिरका ओलांडला की येते. वळणावर येते.” आणि मग त्यांनी जे सांगितलं त्यासाठी मला अडीच तास डॅशबोर्ड उघडावा लागायला नको होता: “मी इथं हात ठेवला ना, की बंद होते. रोज घरापर्यंत हात ठेवूनच जाते.” त्यांनी डावा हात वर केला आणि काचेशेजारच्या खांबाच्या प्लास्टिकच्या पट्टीवर, पट्टी जिथे डॅशबोर्डला भेटते तिथे, ठेवला.

सरांना ही करकर नीट ऐकूच येत नव्हती. ते उजवीकडे, आवाज डाव्या खांबापाशी, मध्ये इंजिनाचा आणि टायरचा आवाज. त्यांना जोरात येणारी खडखड ऐकू यायची, मॅडमना कानाजवळची करकर. दोघंही खरं सांगत होते.

दुसरी फेरी

या वेळी गाडी ठेवून घेतली. रविवारी सकाळी गारव्यात पेव्हर ब्लॉकवरून चालवली: करकर नाही, खडखड आहे. मग काचा बंद करून अकरा ते तीन उन्हात उभी केली आणि पुन्हा चालवली, स्पीडब्रेकर मुद्दाम तिरका घेऊन. करकर आली, अगदी झोपाळ्याच्या कडीसारखी. खांबाच्या पट्टीवर हात ठेवला, थांबली. काढला, सुरू.

पट्टी काढली. या गाडीत खांबात पडद्यासारखी उलगडणारी एअरबॅग नाही, नाहीतर त्या पट्टीला हात लावण्याआधी वेगळा विचार करावा लागतो. तिथे फोम, टेप असलं काही भरायचंच नसतं, कारण एअरबॅग उघडताना पट्टीनं ठरलेल्या पद्धतीनं बाजूला व्हायला हवं. पट्टीच्या खालच्या टोकाला, डॅशबोर्डात घुसणाऱ्या जिभेवर, पाचेक सेंटिमीटर लांब चकचकीत रेघ होती. बाकी सगळं प्लास्टिक दाणेदार आणि मंद, तेवढी रेघ घासून गुळगुळीत झालेली. पट्टीच्या दोन क्लिपांपैकी खालची तिच्या खाचेत अर्धीच बसली होती. त्यामुळे पट्टी दोन मिलिमीटर खाली उतरली होती. थंडीत तेवढं चालून जायचं. उन्हात डॅशबोर्ड फुगला की तो पट्टीला भिडायचा.

पण क्लिप अर्धी बसलेली का? कंपनीतून ती तशी आली असती तर करकर पहिल्या उन्हाळ्यापासून असती. म्हणजे पट्टी कोणीतरी काढून परत बसवली होती. का काढली असेल? मी पुढच्या काचेच्या कोपऱ्यातला शिक्का पाहिला, मग दारांच्या आणि मागच्या काचेचा. पाच काचांवर एका कंपनीचा शिक्का, पुढच्या काचेवर दुसऱ्याच कंपनीचा.

सरांना फोन लावला. “काच बदललीय का पुढची?”

“हो की. ऑक्टोबरात. ट्रकच्या चाकाखालचा दगड उडाला होता.”

“आणि आवाज कधीपासून?”

“दिवाळीनंतर कधीतरी…” आणि ते थांबले. त्यांच्याही तेव्हाच लक्षात आलं.

त्यांनी काही लपवलं नव्हतं. काच आणि डॅशबोर्डचा आवाज यांचा संबंध असेल असं कुणाला वाटत नाही. पण काच बदलायची तर वायपरचे दांडे काढतात, वायपरखालची प्लास्टिकची जाळी, म्हणजे काऊल, काढतात, आणि बहुतेकदा खांबाच्या पट्ट्याही काढतात. आधीच्या दोन मिस्त्रींनी हे विचारलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

बॉनेट उघडलं. काऊलच्या डाव्या टोकाच्या दोन क्लिपा नव्हत्याच, भोकं रिकामी. काऊलची मागची कड काचेच्या खालच्या कडेला घट्ट अडकून बसायला हवी, ती डावीकडे हातभर लांबीत सुटून वर आली होती. बोटाच्या पेरानं वाजवली. टक टक. तोच आवाज.

गाडीत बसून बाहेर काऊल वाजवायला पोराला सांगितलं आणि डोळे मिटले. आवाज डॅशबोर्डच्या आतून येत होता, शपथेवर सांगावं इतका आतून. काच ही मोठी, ताठ, एकसंध पाटी. बाहेरच्या कडेला बसलेला ठोका ती सगळीकडे पोचवते आणि डॅशबोर्डच्या वरच्या कोनात तो घुमतो. बंद केबिनमध्ये कान दिशा ओळखायला फार कच्चे पडतात. आणि त्या पहिल्या दिवशी माझी बोटं काच दाबत होती म्हणून आवाज निम्मा झाला होता.

खात्री करायला काऊलची सुटलेली कड रंगकामाच्या कागदी टेपनं काचेला चिकटवली. पेव्हर ब्लॉक: शांत. टेप काढली: खडखड. पुन्हा लावली: शांत. दहा रुपयांच्या टेपनं, काहीही न उघडता.

दुरुस्ती

काऊलला डाव्या बाजूच्या दोन नव्या क्लिपा लावल्या, आणि उजवीकडच्या दोन कडक होऊन तडकल्या होत्या म्हणून त्याही बदलल्या. कड काचेवर नीट अडकवली, बॉनेटचं रबर सरळ केलं. मग पाइपानं दहा मिनिटं पाणी मारून आत पायाखाली ओल येते का ते पाहिलं. काऊल वर आलेली असली की पावसाचं पाणी एसीच्या हवेच्या तोंडाकडे जाऊ शकतं, आणि काच बसवताना सिलंट कुठे तुटलं असेल तर तेही यातच कळतं. आत कोरडं होतं.

खांबाच्या पट्टीची खालची क्लिप नवी घातली, खाचेत ती बसल्याचा ‘टक्’ ऐकला. जिभेवर घासलेल्या रेघेवर पातळ फेल्टची टेप लावली. जाड लावायचा मोह होतो, पण जाड टेप पट्टीला बाहेर ढकलते आणि क्लिप पुन्हा सैल पडते. डॅशबोर्डच्या बाजूला सिलिकॉन ग्रीसचा बोटानं पुसलेला एक थर दिला. साधं तेल किंवा गंज सोडवायचा फवारा तिथे मारत नाहीत. तो दोन दिवस गप्प करतो, मग धूळ धरतो, आणि काही प्लास्टिकना तडेही पाडतो.

मी मोडलेली क्लिपही बदलली. ती आता बारीक झणझणू लागली होती, म्हणजे माझ्या हातून गाडीत एक नवा आवाज गेला होता. ते सरांना तसंच सांगितलं. दुसऱ्या फेरीची मजुरी घेतली नाही, क्लिपांचे २६० रुपये घेतले. पहिल्या फेरीचे पैसे परत द्यायला निघालो तर त्यांनी नको म्हटलं. लोंबता कपलर खरंच आपटत होता, असं त्यांचं म्हणणं. ते खरं होतं, पण सोळा आण्यांपैकी दोन आणे खरं.

निकाल

एप्रिल आणि मे दोन्ही आवाजांशिवाय गेले. ऐन मेमध्ये एकदा मुद्दाम बोलावून तापलेल्या गाडीत मी आणि मॅडम यवतेश्वरच्या घाटात जाऊन आलो, सर चालवत होते. वळणावळणांवर मी खांबाकडे कान लावून होतो. काही नाही. मॅडमचा डावा हात मांडीवर होता.

जुलैत एसीच्या फिल्टरसाठी गाडी आली तेव्हा काऊल पाहिली. चारही क्लिपा जागच्या जागी, पायाखाली कोरडं. गाडी बदलायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, दोघांचे शब्द दोन ओळींत लिहायला हवे होते. माझ्या कार्डवर आवाजासाठी एकच रकाना होता आणि त्यात एकच शब्द मावत होता. आता तिथे तीन ओळी आहेत: चालवणाऱ्याचा शब्द, शेजारच्याचा शब्द, मागच्याचा शब्द. प्रत्येकापुढे वेळ आणि ऊन होतं की गारवा, एवढं लिहितो.

दुसरं, “आवाज कधीपासून” यापेक्षा “आवाज सुरू व्हायच्या आधी गाडीला कुणी हात लावला होता” हे विचारायला हवं होतं. काच, स्टिरिओ, कॅमेरा, सीट कव्हर, एसीचा फिल्टर, अपघाताचं काम. गिऱ्हाइकाला जोड लावता येत नाही, आणि ते त्याचं कामही नाही. पुढच्या काचेचा शिक्का तर मी न विचारताही वाचू शकलो असतो; आता गाडी आत येतानाच वाचतो.

तिसरं, उघडण्याआधी परत काढता येईल अशी चाचणी. कागदी टेप, हाताचा तळवा, दुमडलेला पुठ्ठा. आणि तळव्यानं दाबताना बोटं कुठे टेकतायत ते पाहणं. ही यादीतली सर्वांत लहान गोष्ट आहे आणि मला सर्वांत जास्त लागलेलीही तीच.

एका निर्णयाबद्दल माझं मत अजून ठरत नाही. गुरुवारी गाडी द्यायची घाई नसती तर मी ती रविवारपर्यंत ठेवून घेतली असती आणि कपलर सापडायच्या आधी काऊल सापडली असती. पण त्यांना लेकीकडे जायचं होतं, आणि गाडीला खडखडीनं धोका काहीच नव्हता. “शुक्रवारी अशीच घेऊन जा, सोमवारी आणा” हे मला सांगता आलं असतं. दोन ठिकाणी फसलेल्या माणसाला ते ऐकवणं किती अवघड असतं, हे या कामातल्यालाच माहीत. तरी आता मी तसं सांगतो. काही जण दुसरीकडे जातात.

जुलैत गाडी आली तेव्हा मागच्या सीटवर त्यांची सात-आठ वर्षांची नात होती. फिल्टर बदलून होईपर्यंत ती गाडीतच बसली होती. निघताना मॅडमनी तिला पुढे केलं, “सांग काकांना.” ती म्हणाली, मागं डोक्यापाशी टुकटुक वाजतं, आई बसली की नाही वाजत. मी कार्ड काढलं आणि तिसऱ्या ओळीत लिहिलं: टुकटुक, मागची सीट, माणसं कमी असताना. ऑगस्टात गाडी त्यासाठी यायची आहे.